अहाकिस्ता, सकाळी आठ वाजून तेरा मिनिटं

१२ जून २०२५, गुरुवार. आयर्लंडमध्ये सकाळचे नऊ वाजून गेले होते, भारतात दुपारचे पावणेदोन. कॉर्क शहरातल्या आम्हा मराठी घरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर मोदकाची पिठी कुठे मिळते, कोण कधी मुंबईला निघालंय आणि बॅगेत थोडी जागा आहे का, एवढंच चालतं. त्या सकाळी पहिल्यांदा एक व्हिडिओ आला. अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान घरांच्या मागे हळूहळू खाली जातं आणि मग आगीचा लोळ उठतो. विमानातल्या २४२ जणांपैकी एक वाचला. विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं होतं, जमिनीवरचे १९ जण गेले. एकूण २६०.

मृत कर्मचाऱ्यांमध्ये मुंबई-ठाण्याकडची मुलंमुली होती. आमच्यातल्या निम्म्या घरांचे आईवडील लंडनमार्गेच इकडे येतात. विमानात बसल्यावर "बसलो गं, आता फोन बंद करते" असा निरोप येतो आणि मग दहा तास आपण घड्याळ बघत राहतो. ते दहा तास ज्यांनी काढलेत त्यांना त्या दिवशी काय झालं असेल हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या अकरा दिवसांत आम्ही काय केलं आणि त्यातलं काय टिकलं, हे मी इथे लिहून ठेवते आहे. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी मंडळींवर ही वेळ कधी ना कधी येते. किल्लारी, २६/११, करोनाची दुसरी लाट. घर तिकडे जळत असतं आणि आपण इकडे नळाखाली कप विसळत असतो.

शुक्रवारी बहुतेकांनी आपापले डीपी काळे केले. शनिवारी संध्याकाळी एका सोसायटीच्या हिरवळीवर मेणबत्त्या लावायच्या ठरल्या. नऊ घरं आली. जूनमध्ये कॉर्कला रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे मेणबत्त्या लावल्या तरी त्या दिसत नव्हत्या. दोन मिनिटं शांत उभे राहिलो, कुणीतरी पसायदान सुरू केलं, मग फोटो काढला. परतताना मुलांना भूक लागली म्हणून सगळे तिथूनच जेवायला गेले. त्यात कुणाचं काही खोटं नव्हतं. माझ्या शेजारची ताई खरोखर रडत होती. पण घरी आल्यावर मी तो फोटो पाहिला आणि त्यात फक्त आम्हीच होतो. जे गेले त्यांच्यापैकी एकाचंही नाव आम्ही उच्चारलं नव्हतं. उद्या परत यायचं का, पुढच्या वर्षी यायचं का, हेही कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी ग्रुपवर डॉक्टरकाकांचा निरोप आला. काका तीसेक वर्षांपासून इथे आहेत, फारसं लिहीत नाहीत. त्यांनी एकच ओळ टाकली होती: "तेवीस तारखेला सकाळी कोण कोण मोकळं आहे? अहाकिस्ताला जाऊ."

आमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे नावही ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं, पण पाट्यांवरच. ड्यूरसहून पुढे शीप्स हेडच्या चिंचोळ्या द्वीपकल्पावर समुद्राला लागून एक छोटं गाव आहे, इतपत. डनमॅनसच्या खाडीकाठी काही घरं, एक धक्का, हिरवी कुरणं. कॉर्कहून गाडीनं दोन तास.

कनिष्क

२३ जून १९८५. एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं उड्डाण, 'सम्राट कनिष्क' नावाचं जंबो जेट, माँट्रियलहून लंडनकडे येत होतं. तिथून दिल्ली आणि शेवटी मुंबई. कॅनडातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती. मुलांना आजीआजोबांकडे न्यायचं म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं निघाली होती. विमान ३१,००० फुटांवर असताना सामानाच्या कप्प्यातल्या एका सूटकेसमधला बॉम्ब फुटला. शॅननच्या नियंत्रण कक्षातल्या रडारवरून ठिपका नाहीसा झाला. आयर्लंडच्या घड्याळात तेव्हा सकाळचे आठ वाजून तेरा मिनिटं झाली होती.

३२९ माणसं गेली. त्यांतली ८०हून अधिक लहान मुलं होती. सूटकेस व्हँकुव्हरहून निघालेल्या एका जोडविमानातून आली होती आणि तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. तशीच दुसरी बॅग त्याच दिवशी, तासाभरापूर्वी, टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर फुटली होती. ती एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात जायची होती. तिथे सामान हलवणारे दोन जपानी कामगार मारले गेले. कट कॅनडातल्या खलिस्तानी अतिरेक्यांचा होता. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २००५मध्ये दोन मुख्य आरोपी निर्दोष सुटले. शिक्षा झाली ती फक्त बॉम्ब बनवायला मदत करणाऱ्या एकाला.

मुंबईशी या विमानाचं नातं फक्त शेवटच्या थांब्याचं नव्हतं. एअर इंडियाचं घर तेव्हा मुंबई होतं. विमानात बावीस कर्मचारी होते, त्यांच्या घरचे मुंबईत वाट पाहत होते. जुलैमध्ये समुद्राच्या सुमारे दोन किलोमीटर खोल तळातून ब्लॅक बॉक्स वर काढले गेले, तेही मुंबईलाच आले. त्यांतल्या ध्वनिफितीच्या तपासणीत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी काम केलं. मी ठाण्यात वाढले, दहावीपर्यंत इतिहास शिकले, वर्तमानपत्र वाचत मोठी झाले. यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

कॉर्क, जून १९८५

डॉक्टरकाकांनी गाडीत जे सांगितलं त्यातला बराचसा भाग त्यांनी इथल्या जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकलेला होता. मी नंतर वाचून तो पडताळून पाहिला.

अवशेष पाण्यावर पहिल्यांदा दिसले ते एका मालवाहू जहाजाला. मग आयर्लंडच्या नौदलाचं एलई ऍशलिंग हे जहाज आलं, हेलिकॉप्टरं आली. शोधणाऱ्यांमध्ये विशीतले खलाशी होते, त्यांनी लाटांमधून लहान मुलांचे देह उचलले. १३०च्या आसपास मृतदेह मिळाले. ते कॉर्कच्या प्रादेशिक रुग्णालयात आणले गेले. आज आमच्यातले निम्मे लोक रक्त तपासायला, बाळंतपणाला ज्या विल्टनच्या आवारात जातात, तेच ते.

कॅनडातून आणि भारतातून नातेवाईक येऊ लागले. कॉर्कमध्ये तेव्हा भारतीय माणूस विरळाच. साड्या नेसलेल्या बायका आणि पगडीतले पुरुष हॉस्पिटलच्या दारात उभे, ओळख पटवण्यासाठी रांगेत. त्यांना कॉर्कच्या लोकांनी घरी नेलं, गाड्या दिल्या, जेवू घातलं, शवागाराच्या दारापर्यंत हात धरून सोबत केली. ज्यांना आपलं माणूस मिळालं नाही त्यांनी समुद्र बघायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांना पश्चिम किनाऱ्यावर नेलं. फुलं पाण्यात सोडता येतील अशी जागा दाखवली.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबते. सुमारे दोनशे जणांचे देह कधीच मिळाले नाहीत. आपल्याकडे देह नसेल तर पालाशविधी करतात, पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात. म्हणजे आपल्या वाडवडिलांनाही हे ठाऊक होतं की निरोप द्यायला हातात काहीतरी लागतं. नुसत्या हवेला नमस्कार करून मन उठत नाही. टोरांटोच्या किंवा माँट्रियलच्या एखाद्या आईला तिच्या मुलांसाठी अस्थी नव्हत्या, राख नव्हती, दगड नव्हता. तिच्याजवळ होता फक्त एक समुद्र, घरापासून हजारो किलोमीटर लांबचा, ज्याच्याकडे बघून म्हणावं, इथे कुठेतरी.

म्हणून पहिलं स्मारक ओटावात किंवा दिल्लीत नाही, इथे झालं. बरोबर वर्षानं, २३ जून १९८६ला, अहाकिस्ताच्या किनाऱ्यावर. कॉर्कचे शिल्पकार केन थॉम्प्सन यांनी घडवलेलं दगडी सूर्यघड्याळ, मागे बाग, आणि मृतांची नावं कोरलेली, समुद्राकडे तोंड केलेली भिंत. तेव्हापासून दर २३ जूनला आठ वाजून तेरा मिनिटांनी तिथे लोक स्तब्ध उभे राहतात. नातेवाईक येतात. ज्या वर्षी कमी येतात त्या वर्षीही गावचे लोक असतातच. स्थानिक शाळेतली मुलं गातात. पहिल्या वर्षी गाणाऱ्या मुलांची मुलं आता गात असतील.

कुणाचं दुःख?

या प्रकरणातला सगळ्यात जड भाग इथे नाही, कॅनडात आहे. मृतांपैकी २६८ जण कॅनडाचे नागरिक होते, पण त्यांच्या पंतप्रधानांनी, ब्रायन मलरूनी यांनी, फोन केला तो राजीव गांधींना, सांत्वनासाठी. तिकडच्या नजरेला ते भारतीयांचं विमान होतं. भारताच्या नजरेला ते परदेशात स्थायिक झालेल्यांचं. तपासात कॅनडाच्या गुप्तचर यंत्रणेनं संशयितांच्या फोनच्या दीडशेहून अधिक टेप पुसून टाकल्या होत्या. माजी न्यायमूर्ती जॉन मेजर यांचा चौकशी आयोग २००६मध्ये नेमला गेला, अहवाल २०१०मध्ये आला. त्याच महिन्यात, पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी कुटुंबांची माफी मागितली. अहवालाच्या नावातच 'कॅनडाची शोकांतिका' असे शब्द घालावे लागले. पंचवीस वर्षांनी एका देशाला कागदावर लिहून स्वतःला सांगावं लागलं की ही माणसं आपली होती.

मधल्या काळात कुटुंबांनी स्वतः जागा मिळवल्या. २००७मध्ये टोरांटोला तळ्याकाठच्या हंबर बे उद्यानात स्मारक झालं. तिथेही सूर्यघड्याळ आहे. त्याच्या पायात कॅनडाच्या सगळ्या प्रांतांतले आणि मृतांच्या इतर देशांतले दगड बसवलेत. नावांची भिंत तिरकी वळवून आयर्लंडच्या दिशेनं केली आहे. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. देवळात मूर्तीचं तोंड कुठे हे आपण बघतो, तसं. टोरांटोची भिंत अहाकिस्ताकडे बघते आणि अहाकिस्ताची भिंत समुद्राकडे. व्हँकुव्हरला स्टॅनली पार्कमधलं स्मारक मुलांच्या खेळण्याच्या जागेला जोडलेलं आहे, त्या ऐंशीवर मुलांसाठी.

अहाकिस्ताच्या लोकांचं तर यात कुणीच गेलं नव्हतं. मग चाळीस वर्षं हे का? मी इथे दहा वर्षं राहते आहे, मला वाटतं त्याचं उत्तर या किनाऱ्याच्या मातीत आहे. १९१५मध्ये लुसिटानिया जहाज किन्सेलच्या समोर बुडालं, जवळजवळ बाराशे लोक गेले, अनोळखी देह कोवच्या लोकांनी पुरले. १८४०च्या दशकातल्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळातली स्किबरीनची सामूहिक कबर याच भागात आहे, हजारो माणसं, नावं नाहीत. अमेरिकेला जाणाऱ्या मुलाला निरोप देताना इथल्या घरांत आदल्या रात्री जिवंतपणीच त्याचं प्रेतजागरण करायचे, कारण तो परत दिसणार नाही हे माहीत असायचं. ज्यांनी इतकी माणसं समुद्राला दिली, त्यांना दुसऱ्यांची समुद्रात गेलेली माणसं परकी वाटत नसावीत.

आणि आठवण लांबूनही येते हे त्यांनी अनुभवलेलं आहे. कॉर्कच्या पूर्वेला मिडलटनला स्टीलची नऊ उंच पिसं उभी आहेत. अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी जमातीच्या लोकांनी १८४७मध्ये, स्वतः आपल्या जमिनीवरून हुसकावले गेल्याला जेमतेम पंधरा वर्षं झालेली असताना, आयर्लंडच्या दुष्काळासाठी १७० डॉलर गोळा करून पाठवले होते. त्याची ती आठवण. मी लेकीला तिथे तीनदा नेलं आहे. तिला ती पिसं म्हणजे मोठ्ठा मोर वाटतो.

आम्ही काय केलं

तेवीस तारीख सोमवार होती. कुणाला सुट्टी टाकावी लागली, कुणाला मुलांच्या शाळेला कळवावं लागलं. ते एका अर्थी बरंच झालं, कारण ज्यांनी ते केलं त्यांनी काहीतरी मोडून ते केलं. शनिवारच्या मेणबत्त्यांना नऊ घरं होती, इकडे पाच आली.

आदल्या रात्री ग्रुपवर वाद झाला. एका दादांचं म्हणणं, अहमदाबादच्या २६० जणांसाठी एक फलक करून नेऊ, तिथे धरू, एअर इंडियाचीच तर दोन्ही विमानं. म्हणणं चुकीचं नव्हतं. काही जणींना ते पटलंही. डॉक्टरकाकांनी शांतपणे लिहिलं, "ती सकाळ त्या ३२९ जणांची आहे. आपण पाहुणे आहोत. आपल्या दुःखाला तिथे जागा मिळेल, पण ती मागायची नसते." फलक नेला नाही. मला आजही वाटतं की तो निर्णय बरोबर होता, आणि हेही वाटतं की त्या दादांना तेव्हा वाईट वाटलं होतं, आम्ही त्यांच्याशी नीट बोललो नाही.

ठरलं ते इतकंच: प्रत्येक घरानं आपल्या अंगणातलं एक फूल आणायचं, विकतचं नाही. आमच्याकडे कुंडीत गुलाब होता. ताईनं गेल्या वर्षी लावलेला झेंडू अजून कळीवर होता, तिनं कळीच आणली.

पहाटे साडेपाचला निघालो. चाळिसावं वर्ष होतं, म्हणून गर्दी होती. आयर्लंडचे पंतप्रधान मीहॉल मार्टिन आले होते, भारताकडून केंद्रीय मंत्री हरदीपसिंग पुरी, कॅनडाचे मंत्री. पण माझी नजर राहिली ती भिंतीजवळच्या म्हाताऱ्या माणसांवर. चाळीस वर्षांपूर्वी जे तिशीत होते ते आता सत्तरीत आहेत. गावातल्या एका आजींनी त्यांच्यापैकी एकींना मिठी मारली आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्या दोघी दरवर्षी भेटत असणार हे बघताच कळत होतं.

आठ तेराला सगळं थांबलं. खाडीवर एक पक्षी ओरडत गेला, तेवढाच आवाज. माझी आठ वर्षांची लेक माझा हात घट्ट धरून उभी होती. शनिवारी दोन मिनिटांत तिनं चारदा "झालं का?" विचारलं होतं. इथे विचारलं नाही. तिथे तिच्यासमोर नावं होती आणि ती एकेक अक्षर लावून वाचत होती. काही नावांपुढे तेच आडनाव पुन्हा, पुन्हा, पुन्हा. तिनं नंतर गाडीत विचारलं, "हे सगळे एका घरातले होते?" मी हो म्हणाले. पुढचा अर्धा तास ती काही बोलली नाही.

फुलं ठेवली. ताई तिथे आधीच ठेवलेल्या फुलांमध्ये ती बंद कळी कुठे ठेवावी हे बराच वेळ ठरवू शकत नव्हती.

त्यानंतर ग्रुपवर काही बदललं का? थोडं. दर वर्षी किमान दोन घरांनी जायचं असं ठरलं, आणि ते वहीत लिहून ठेवलं आहे, कोणती घरं कोणत्या वर्षी. बागेतल्या कामाला हात लागत असेल तर कळवा, असं काकांनी गावात सांगून ठेवलं आहे. अहमदाबादसाठी आमची अशी जागा अजून नाही. असायला हवी का, कुठे असायला हवी, हे आम्हाला ठरवता आलेलं नाही. घाई करायची नाही, एवढं मात्र शनिवारच्या हिरवळीवर शिकलो.

एक गोष्ट ग्रुपवर टाकली नाही. तेवीसच्या रात्री मी आईला ठाण्याला फोन केला. कुठे गेले होते ते सांगितलं. ती काही क्षण गप्प राहिली आणि मग म्हणाली की लग्नाआधी ती काही महिने कालिन्याला तिच्या आत्याकडे राहायची, एअर इंडियाच्या वसाहतीला लागून. तिथल्या एका बिल्डिंगमधली एक मुलगी त्या विमानात होती. केस फार लांब होते तिचे, आई म्हणाली, आणि ड्युटीवरून आली की खालच्या मुलांना परदेशी चॉकलेटं द्यायची. पंचाऐंशी सालच्या जूनमध्ये त्या बिल्डिंगच्या जिन्यात चपलांचा ढीग पडला होता.

"इतकी वर्षं कधी बोलली नाहीस," मी म्हणाले.

"कुणी विचारलं नाही," आई म्हणाली.

मी तिला नाव विचारलं. तिला फक्त घरात हाक मारायचे ते नाव आठवत होतं. कागदावरचं नाव, आडनाव, काही नाही. भिंतीचे फोटो माझ्या फोनमध्ये होते, लेकीनं काढलेले, थोडे तिरके. मी ते मोठे केले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मधे मधे आई "थांब, हे परत वाच" म्हणायची. पुन्हा वाचायचे. मग म्हणायची, "नाही. पुढे."

पहिल्या दिवशी साठेक नावं झाली. ठाण्यात रात्रीचा एक वाजला होता. दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला.